लग्नानंतर सुधारतो म्हणे!

मैत्रिणींनो, गेल्या आठवड्यात माझी भाची चार दिवस राहून गेली आणि जाताना एक इंग्रजी कादंबरी माझ्या उशाशी ठेवून गेली. दुपारी ओटा आवरला, कूलर लावला, म्हटलं दोन पानं चाळावीत. शिकवणीची मुलं दारात उभी राहिली तेव्हा मी शंभराव्या पानावर होते!

गोष्ट तुमच्या ओळखीचीच. नायक देखणा, पैसेवाला, आज हिच्याबरोबर तर उद्या तिच्याबरोबर. नायिका एकदा तोंड पोळलेली, म्हणून ताकही फुंकून पिणारी. तो बदलत जातो, ती विरघळत जाते आणि शेवटी अंगठी. खरं सांगू? मला आवडली.

बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय होतं, त्यामुळे या साच्याचा मूळपुरुष आठवला. लंडनचा छापखानेवाला सॅम्युअल रिचर्डसन. १७४० साली त्याची ‘पामेला’ निघाली. घरातली तरुण मोलकरीण, तिच्या मागे लागलेला मालक. ती बधत नाही, शेवटी तोच सुधारतो आणि तिच्याशी रीतसर लग्न करतो. पुस्तक धडाधड खपलं. पण १७४७-४८ मध्ये त्याच रिचर्डसनने ‘क्लॅरिसा’ लिहिली. तिच्यातला लव्हलेस सुधारत नाही, क्लॅरिसा जिवानिशी जाते. सुधारलेला रंगेल पुरुष उत्तम नवरा होतो हा समज घातक आहे, असं त्याने प्रस्तावनेतच बजावलं होतं. तरी शेवट गोड करा म्हणून त्याला वाचकांची पत्रं येतच होती, त्यांत बायकाही होत्या!

आपल्याकडचं बघा ना. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ला इथे आपल्या सावनेरला वारले आणि पुढच्याच महिन्यात त्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. सुधाकर दारू सोडतो, पुन्हा धरतो. सिंधू वाट पाहत राहते. कादंबरी लग्नापाशी थांबते, गडकऱ्यांनी लग्नानंतरचं लिहिलं. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि तरीही घरोघरी आपण म्हणतोच, ‘लग्न झालं की येईल ताळ्यावर.’

मीही म्हटलं. लाज वाटते सांगायला, पण ताईने भाचीला माझ्याकडे पाठवलं होतं ते मी तिची समजूत घालावी म्हणूनच. स्थळ चांगलं, मुलगा पुण्याला इंजिनिअर. पूर्वी थोडं हिंडणं-फिरणं होतं, एक साखरपुडाही मोडलेला, पण ‘आता अगदी सुधारलाय हो,’ असं मध्यस्थ बाई म्हणाल्या. पोळ्या लाटता लाटता मी भाचीला म्हटलं, ‘‘अगं, तुझ्या त्या कादंबऱ्यांत नाही का सुधारत?’’

‘‘मावशी, एखादी वाचली तरी का तू? न वाचताच बोलून राहिली!’’ एवढंच म्हणाली आणि पोळ्या डब्यात भरू लागली.

वाचल्यावर कळलं तिला काय म्हणायचं होतं. मधे एक प्रसंग आहे. ती ‘नाही’ म्हणते आणि तो घरी निघून जातो. दुसऱ्या दिवशी फुलं पाठवत नाही, मैत्रिणीकरवी निरोप नाही, रुसवाही नाही. आपल्या कामाला लागतो. लेखिका मात्र तिच्या सावधपणाला कुलूप समजते, कधी एकदा उघडतंय याची तिलाच घाई. मला ते पटलं नाही. पोळलेल्या बाईने जपून राहायचं नाही तर काय करायचं?

भाचीला फोन केला. म्हणाली, ‘‘तो सुधारतो म्हणून नाही गं आवडत मला. ती नाही म्हटल्यावर थांबतो, म्हणून आवडतो. आणि मावशी, तो साखरपुडा मोडला कोणी? त्याने की मुलीने? विचारलं का कोणी?’’

कोणीच विचारलं नव्हतं. मी मध्यस्थ बाईंना विचारलं, तर ‘‘जुनं उकरून काय करायचं?’’ म्हणाल्या आणि एकदम संत्र्यांच्या भावावर आल्या.

रविवारी मंडळी येणार आहेत. ताई म्हणते, चहा होईपर्यंत तरी गप्प बस. तेवढं बसेन.