पिवळं पान बघून बाटली आणू नका, आधी एक झाड उपटा



आज थोडं कडू बोलतो. रोज दोन-चार जण टोमॅटोच्या पिवळ्या पानाचा फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ असते, "दादा, काय मारू?" पान शेंड्याचं की बुडाचं, पाणी कधी दिलं, जमीन कसली, काही नाही. आणि उत्तर देणारे आपण तरी कुठं कमी? एक म्हणतो फेरस, दुसरा मॅग्नेशियम, तिसरा म्हणतो सगळ्याचं मिक्स मारून टाक, काहीतरी लागू पडेलच. याला निदान म्हणत नाहीत, हा मटका झाला.

हा मटका मीही खेळलोय. घरामागं परसात आईनं १८ झाडं लावली होती. निम्मी पिवळी पडली. मी शहाणा, दुकानातून मायक्रोन्यूट्रिएंटची बाटली आणली, आठ दिवसांत दोनदा फवारली. फरक शून्य. आई म्हणाली, "अरे, मोरीकडची तेवढीच झाडं पिवळी आहेत, तुला दिसत नाही का?" एक झाड उपटलं. पांढरी मुळी औषधालाही नव्हती, सगळी तपकिरी, बोटानं ओढली की साल निघून यायची. मोरीचं पाणी रोज तिथंच मुरत होतं. मुळीला हवाच नाही तर ती घेणार काय? पाण्याला चर काढून दिला. जुनी पानं गेली ती गेलीच, पण पंधरा दिवसांत नवा शेंडा हिरवा आला. खर्च एका खोऱ्याचा.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे. पिवळं पान म्हणजे जमिनीत काहीतरी कमी आहे, हे आधी डोक्यातून काढा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण सामू ८ च्या वर गेला की ते झाडाला उचलता येत नाही. तिथं नुसतं हिराकस मातीत टाकलं तर तेही थोड्या दिवसांत अडकून बसतं. फवारणीतून द्या, नाहीतर ईडीडीएचए चिलेट ड्रिपनं द्या. ईडीटीए स्वस्त पडतं, पण एवढ्या सामूत मातीत टिकत नाही.

आता पान वाचायचं कसं? आधी जागा बघा. नत्र, पालाश, मॅग्नेशियम झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून यांची कमतरता खाली दिसते. खालचं पान सरसकट फिकट पिवळं असेल तर नत्र. कडा करपल्या तर पालाश. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. फुगवणीला ०-०-५० चा मारा केल्यावर हे हमखास दिसतं, कारण जास्तीचं पालाश मॅग्नेशियमला आत येऊ देत नाही. लोह जुन्या पानातून हलत नाही, म्हणून शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरांची हिरवी जाळी दिसते.

आणि शेंड्याचं पान बारीक, वर वळलेलं, कडेनं पिवळं, झाड खुजं राहिलेलं असेल तर खत विसरा. तो पांढऱ्या माशीनं आणलेला लीफ कर्ल व्हायरस आहे. माझ्या पाऊण एकरात मी दोन आठवडे टॉनिक मारत बसलो आणि माशी रोग पसरवत राहिली. पहिल्या दिवशी दहा-बारा झाडं उपटून टाकली असती तर पुढची वाचली असती. चुकीच्या निदानात बाटलीचे पैसे जातात ते सोडा, गेलेले दिवस परत येत नाहीत.

कृषी पदवीधर मित्रांनो, तुम्हालाही सांगणं आहे. फोटोवर शेड्यूल लिहून देऊ नका. शेतकरी घाईत असतो, तुम्ही तरी त्याला विचारा की मुळी बघितली का. मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून आहे, त्यात सामू, सेंद्रिय कर्ब धरून १२ गोष्टी लिहिलेल्या असतात. ती आपण पिशवीत घालून फळीवर ठेवतो आणि पानाचे फोटो काढत फिरतो.

"तोडा तोंडावर आलाय, थांबायला वेळ कुठं," असं म्हणणारे आहेत. झाड उपटायला दोन मिनिटं लागतात. शंका लोहाची असेल तर चार झाडांवरच फवारा, फांदीला दोरा बांधून खूण करा आणि आठवडाभर बघा. हिरवी झाली तर मग सगळ्या प्लॉटला मारा.

इथून पुढं मला फोटो पाठवायचा तर तीन पाठवा: पूर्ण झाड, पान आणि उपटलेली मुळी. सोबत शेवटचं पाणी आणि शेवटचं खत लिहा. मुळीचा फोटो नसेल तर मी उत्तर देणार नाही. राग आला तरी चालेल.