गेज लावण्याआधी ब्लोअर पाहा

पाऊस सुरू झाला की मुंबईपासून पणजीपर्यंत तक्रारी सारख्याच येतात. एसी थंड करत नाही, इनडोअरमधून भिंतीवर पाणी उतरते, कुबट वास मारतो. यातल्या पहिल्या तक्रारीवर आपल्यापैकी अनेक मेकॅनिकांचा हात थेट गेजकडे जातो. किनारपट्टीवर ही सवय मशीनच्या मुळावर येते. तिच्याबद्दल आता स्पष्ट बोलायलाच हवे.

आपल्या हवेत स्प्लिट एसी किती पाणी उपसतो, याचा हिशेब एकदा करून पाहा. एक लिटर पाणी होईल एवढी वाफ कॉइलवर निवताना साधारण 0.68 युनिट उष्णता सोडते. एक टन म्हणजे 3.5 किलोवॅट. ड्रेनमधून तासाला लिटरभर पाणी येत असेल, तर एक टनी मशीनची जवळजवळ एक पंचमांश ताकद नुसती हवा सुकवण्यात खर्च होते. म्हणजे इनडोअर तासन्‌तास ओला राहतो आणि ओल्या भागावर धूळ, स्वयंपाकाची तेलकट वाफ, बुरशी धरत जाते.

सर्वात वाईट अवस्था असते ब्लोअरची. टॉर्च मारून झडपांतून आत पाहा. त्याची पाती खोलगट असतात आणि त्या खोलगटपणामुळेच ती हवा उचलतात. काळा चिकट थर नेमका तिथेच भरतो. ब्लोअर तेवढ्याच वेगाने फिरतो, हवा मात्र कमी फेकतो. कॉइलला पुरेशी उष्णता मिळत नाही, सक्शन प्रेशर उतरते आणि गेजवर ‘गॅस कमी’ असे दिसते. त्यावर टॉप-अप केला, की ब्लोअर धुतल्यानंतर तेच मशीन ओव्हरचार्ज निघते. इन्व्हर्टरमध्ये तर कॉम्प्रेसरचा वेगच बदलता असतो. तिथे एका प्रेशरवरून निदान करणे म्हणजे अंधारात तीर मारणे.

फरक डोळ्यांनाही दिसतो. हवा अडली असेल तर बर्फ बहुधा कॉइलभर धरतो. गॅस कमी असेल तर कॉइलचा सुरुवातीचाच भाग गारठतो, बाकीची कॉइल कोरडी राहते आणि आउटडोअरजवळ बारीक पाइपाच्या नटवर बर्फ दिसतो. मशीन गॅस ‘खात’ नाही. कमी झाला असेल तर तो कुठेतरी गळतो आहे. नायट्रोजन भरून गळती शोधा, फ्लेअर नव्याने मारा, व्हॅक्यूम 500 मायक्रॉनपर्यंत न्या, पंप बंद केल्यावर तो टिकतो का पाहा आणि नेमप्लेटवरच्या वजनाने गॅस भरा. पावसाळ्यात व्हॅक्यूम टाळणे तर अक्षम्य आहे. आर-410ए आणि आर-32 यांच्यासोबतचे तेल हवेतले पाणी भराभर शोषते आणि त्यातून पुढे आम्ल तयार होते. शिवाय आर-32 पेट घेऊ शकतो. गॅस सोडून पाइपातली हवा काढण्याची जुनी रीत कायमची बंद व्हायला हवी.

ही चूक वारंवार होते, कारण बाजारच तसा आहे. गॅस भरण्याचे पैसे गिऱ्हाईक मुकाट्याने देते आणि धुण्याच्या मजुरीवर घासाघीस करते. मग आपणही समोरून जेट मारून निघतो. ब्लोअर जागेवरच राहतो, ट्रेमधला शेवाळासारखा गाळ तसाच राहतो, ड्रेन पाइपाचे टोक साचलेल्या पाण्यात बुडालेले असते आणि दोन पाइपांवरचे फाटलेले इन्सुलेशन टेपखाली झाकले जाते.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. बिलावर ब्लोअर, ट्रे आणि ड्रेनचे काम वेगळ्या ओळीत लिहा आणि त्याची रास्त मजुरी लावा. काम करण्याआधी आणि नंतर आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान गिऱ्हाइकासमोर मोजा आणि त्याच बिलावर नोंदवा. गॅस भरला असेल तर किती ग्रॅम आणि गळती कुठे सापडली, हेही लिहा. असा कागद हातात पडलेले गिऱ्हाईक पुढच्या वेळी धुलाईची मजुरी नाकारणार नाही आणि गळती न शोधता गॅस भरणाऱ्याला दारात उभे करणार नाही.