एकटीला जमायला हवं

२०२५ मध्ये वर्षभर मला एकाच गोष्टीने डिवचलं. बँकेच्या दारातला फलक, फोन लागण्याआधी कानावर पडणारी ध्वनिफीत, वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात, सगळीकडे एकच ताकीद होती: ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि त्याच वर्षात गावोगावच्या सेवा केंद्रांत, सायबर कॅफेत, झेरॉक्सच्या दुकानांत माणसं रांगा लावून अनोळखी माणसाला ओटीपी सांगत होती. ती बेफिकीर होती म्हणून नव्हे. ज्या सॉफ्टवेअरपुढे त्यांना उभं केलं गेलं, ते त्यांना एकट्याने वापरताच येत नव्हतं.

वर्ष तसं घडामोडींचं गेलं. मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. शाळेत पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा निर्णय आला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्यात पिकांबरोबर मातीही वाहून नेली. मे महिन्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर गेले. अवघड विज्ञान मराठीत सोपं करून सांगताना त्यांनी वाचकाला कधी कमी लेखलं नाही. आपल्या हातात रोज नवी ॲप देणाऱ्यांनी त्यांच्याकडून एवढं जरी घेतलं असतं, तरी हे संपादकीय लिहावं लागलं नसतं.

सप्टेंबरात एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात बसलो होतो. पन्नाशीच्या एक बाई आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, पासबुक, रेशनकार्ड आणि बटणांचा साधा मोबाइल. रांगेत असताना शेजारणीला त्या बचत गटातल्या कुणाचा किती हप्ता राहिलाय ते तोंडपाठ सांगत होत्या. त्यांना एका योजनेची ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, करायची होती. काउंटरपलीकडच्या मुलाने आधार क्रमांक टाकला आणि खालच्या चौकोनांत भराभर खुणा केल्या. त्या चौकोनांपुढे काय लिहिलंय हे बाईंना कुणी वाचून दाखवलं नाही, संमती मात्र त्यांच्या नावावर नोंदली गेली. मेसेज आला. ‘मावशी, आकडा सांगा,’ मुलगा म्हणाला. मेसेज इंग्रजीत होता. बाईंनी फोनच काउंटरवर ठेवला. मुलाने आकडा वाचून टाकला. हा आकडा कुणालाही सांगू नये, असं त्याच मेसेजच्या शेवटी लिहिलेलं होतं.

मग नवऱ्याचीही पडताळणी लागत होती, म्हणून दुसरा ओटीपी त्याच्या नंबरवर गेला. नवरा पुण्याला बांधकामावर. त्याने फोन उचलेपर्यंत मुदत संपली आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. पुन्हा पहिल्यापासून. दोनदा असं झाल्यावर मुलगा म्हणाला, ‘उद्या या.’ तो उद्धट नव्हता, त्याच्यामागेही रांग होती. बाई पिशवी आवरत म्हणाल्या, ‘मला मेलीला काही कळत नाही.’

मला राग आला तो या वाक्याचा. बचत गटातल्या बारा जणींचा हिशेब डोक्यात ठेवणारी बाई एका पडद्यापुढे दहा मिनिटांत स्वतःला अडाणी ठरवून बाहेर पडते. ते ॲप करणाऱ्यांच्या नोंदीत तिचं काय झालं, हे कधीच येणार नाही. तिथे एवढंच दिसेल की एक अर्ज अपुरा राहिला.

लोकांना जमत नाही, हे आपल्याकडचं जुनं लंगडं कारण आहे. खरं तर जमेल असं करून दाखवण्याची परंपरा याच देशाची आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते आणि त्यांतल्या बहुसंख्यांना वाचता येत नव्हतं. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. मतदार साक्षर होईपर्यंत निवडणूक थांबवली गेली नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि चिन्ह ओळखून त्या पेटीत मतपत्रिका टाकायची. पुढे १९८२ मध्ये केरळातल्या परूरला यंत्रावर पहिलं मतदान झालं. आज आपण बघतो त्या यंत्राला रूप देण्यात पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राचे ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांचा हात होता. नाव, चिन्ह, निळं बटण. दाबलं की शेजारी लाल दिवा लागतो आणि लांब शिट्टी वाजते. दृष्टिहीनांसाठी ब्रेलमध्ये आकडे आहेत. यंत्राच्या विश्वासार्हतेचा वाद वेगळा आहे आणि तो व्हायलाच हवा. पण वापरायला हे यंत्र कुणाला अवघड गेलं, अशी तक्रार फारशी ऐकू येत नाही.

मतदान केंद्रातल्या आडोशामागे मतदार एकटा जातो. मत गुप्त राहतं, कारण ते देण्यासाठी त्याला कुणाची मदत लागत नाही. बटण कुठलं हे शेजाऱ्याला विचारावं लागलं असतं, तर गुप्त मतदानाचा कायदा कागदावरच राहिला असता. आपल्या पैशांचं, कागदपत्रांचं, अंगठ्याचंही तसंच आहे. जे एकटीला करता येत नाही, त्यात तिचं खासगी काही उरत नाही. म्हणून सोपं सॉफ्टवेअर ही गरिबांवर केलेली मेहेरबानी नाही. सुरक्षिततेची ती पहिली अट आहे. जी व्यवस्था परक्याला ओटीपी दिल्याशिवाय पुढे सरकत नाही, ती माणसांना रोज फसायला शिकवते. सेवा केंद्रातल्या मुलाला आकडा सांगायची सवय लागलेल्या बाईंनी फोनवरच्या भामट्याला तो का सांगू नये?

रचना बदलली की फसवणुकीची वाट बंद होते, याचा दाखला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मिळाला. यूपीआयवर कुणीही कुणाकडे पैशांची मागणी पाठवू शकत असे. भामटे मागणी पाठवायचे आणि सांगायचे, पैसे घ्यायला पिन टाका. वर्षानुवर्षं लोकांनाच बजावलं गेलं की पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद झाली. हे आधी का सुचलं नाही, हा प्रश्न उरतोच. तीच गोष्ट भाजीवालीच्या गाडीवरच्या बोलक्या डब्याची. पैसे आल्याचं तो मोठ्याने सांगतो. तिला फोन काढावा लागत नाही, मेसेज वाचावा लागत नाही, गिऱ्हाइकाने दाखवलेल्या पडद्यावर विसंबावं लागत नाही.

याउलट ई-पीक पाहणी बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर स्वतः करायची असं ठरलं. तलाठ्याच्या मर्जीवर नोंद अवलंबून राहू नये, हा विचार उत्तमच होता. पण बांधावर उभं राहून फोटो काढायचा, जागा जुळायला हवी, आणि शिवारात नेटवर्क नाही. सर्व्हर बसला की मुदत जवळ येताना जीव टांगणीला. शेवटी गावोगाव सहायक नेमावे लागले. म्हणजे तलाठ्याचं काम शेतकऱ्याकडे आलं आणि तिथून तिसऱ्याच माणसाकडे गेलं. पूर्वी चूक कारकुनाची असायची, आता ती शेतकऱ्याचीच.

तरुण पिढी शिकलेली आहे, हा प्रश्न आपोआप मिटेल, असं सांगणारे भेटतात. तोवर ज्यांची पेन्शन, पीकविमा, रेशन अडेल, त्यांनी काय करायचं? शिवाय हा आता सौजन्याचा मामला राहिलेला नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ॲसिडहल्ल्यात जायबंदी झालेल्यांना केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करता येत नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. डोळे मिचकावता न येणारी माणसं जगात आहेत, हे ती अट घालणाऱ्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

या अंकाचा विशेष विभाग ‘हात’ या विषयावर आहे. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा घासणारे, येवल्याच्या मागावर पदर विणणारे, ऊस तोडणारे, बाळंतपणं करणारे असे अनेक हात त्यात भेटतील. आता आपली ओळखही याच हातांना पटवावी लागते. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, त्याला २०२५ मध्ये १५ वर्षं झाली. हातावर पोट असणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा कामाने झिजतात आणि रेशन दुकानातलं यंत्र त्यांना ओळखत नाही. पडद्यावर येतं, ‘प्रमाणीकरण अयशस्वी’. तिथे ‘अंगठा जुळला नाही, दुसरं बोट ठेवा’ असं लिहायला किती खर्च येतो? अर्धा भरलेला अर्ज जपून ठेवायला, कुठला रकाना चुकला ते दाखवायला, ओटीपीचा मेसेज मराठीत पाठवून या आकड्याने नेमकं काय होणार ते सांगायला? यातलं काहीही तंत्रज्ञानाच्या आवाक्याबाहेरचं नाही. ते करणाऱ्याला तशी गरज वाटली पाहिजे, आणि निविदेत तशी अट असली पाहिजे. ॲप स्वीकारण्याआधी ते अक्कलकुवा, भामरागड अशा दुर्गम भागांत, स्वस्तातल्या फोनवर, कुणाच्याही मदतीशिवाय चाललं की नाही, हे शासनाने तपासलंच पाहिजे.

आमच्या वाचकांच्या घराघरांत आज हिंजवडीला, बंगळुरूला, न्यू जर्सीला सॉफ्टवेअर लिहिणारी मुलं-मुली आहेत. या दिवाळीत ती घरी येतील. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: तुम्ही केलेलं ॲप आईच्या, आजीच्या, घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात द्या. शेजारी बसा. बोलू नका, बोट दाखवू नका, फोन हातातून घेऊ नका. ‘आता काय करू?’ असं त्या जिथे विचारतील, ती जागा लिहून ठेवा आणि सुट्टी संपली की ऑफिसात पहिली तीच दुरुस्त करायला घ्या.



— संपादक