शाब्दिक उदाहरणं आणि विभक्ती

"बाई, यात बेरीज करायची की वजाबाकी?" तीस वर्षं हा प्रश्न ऐकला. तोंडी हिशेब फटाफट करणारी मुलंही शाब्दिक उदाहरण आलं की अडायची.

हल्ली क्लासवाल्यांनी यावर तोडगा काढलाय. पाचवीतल्या नातीच्या वहीत तक्ताच आहे. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी. माझं स्पष्ट मत, तो तक्ता फाडून टाकावा. मी 5 पेरू खाल्ले, 7 उरले, तर आधी किती होते? 'उरले' आहे, पण 12 हे उत्तर बेरजेनंच येतं!

माझा थोरला नातू इंजिनिअरिंगला आहे. त्याने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मराठी शाब्दिक उदाहरणं सोडवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि उदाहरणं माझ्याकडे मागितली. मी दोन वाक्यं दिली. 'रमेशने सुरेशला 3 गोट्या दिल्या' आणि 'रमेशला सुरेशने 3 गोट्या दिल्या'. प्रोग्रॅमने दोन्हीकडे रमेशच्याच गोट्या कमी केल्या. नातवाने इंग्रजीच्या सवयीने पहिलं नाव म्हणजे देणारा असं धरलं होतं. मराठीत जागेवर काही ठरत नाही हो, प्रत्ययावर ठरतं. मग गडी चक्क 'ने' आणि 'ला' शिकायला माझ्यासमोर बसला. ज्या विभक्तीला शाळेत सगळे कंटाळायचे तिच्यावाचून गोट्यांचा हिशेब लागेना! (मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू.)

त्यानेच सांगितलं की 1964 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये डॅनियल बोब्रो यांनी पीएचडीसाठी 'स्टुडंट' नावाचा असा प्रोग्रॅम लिहिला होता. तो ठरावीक साच्यातल्या इंग्रजी वाक्यांची समीकरणं मांडायचा आणि शाळेतल्या बीजगणिताची उदाहरणं सोडवायचा. 'दुप्पट' म्हणजे दोनने गुणा, एवढं त्याला ठाऊक. पण दुप्पट कशाची, गिऱ्हाइकांची की जाहिरातींची, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. यंत्राने पेरू पाहिलेला नाही, त्याला दुसरा इलाज नव्हता. नातीने पेरू खाल्लाय. तिला तक्ता देऊन आपण 1964 सालचं यंत्र का बनवतोय? आणि नुसतं उत्तर काढायला आता फोन आहेच की.

म्हणून घरातल्या सगळ्या आईबाबांना सांगणं, मुलांना आधी गोष्ट सांगू द्या. कोणी दिलं, कोणाला दिलं, आधी काय होतं. आकडे नंतर. नातीला मी असंच बसवते. वेळ लागतो, तिची आई घड्याळ बघते. बघू दे.

असो. प्रोग्रॅमचं घोडं सध्या 'सव्वा'पाशी अडलंय. सव्वादोन म्हणजे 2.25 हे त्याने शिकवलं, तर मी सव्वादोनशे दिले. उत्तर 200.25 आलं. आता पावणेदोनशे तयार ठेवलेत, रविवारी येतोय तो.