मॉनिटर स्वस्त झाले, पण नेमके कोणते? घरच्या एडिटिंगसाठी दोन स्क्रीनचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि 'टीव्ही, मॉनिटर स्वस्त' अशा बातम्या आल्या. घरी व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला साहजिकच वाटणार, की आता दुसरा मॉनिटर घेऊन टाकावा. पण या कपातीचा फायदा नेमका कोणाला झाला, ते आधी बघू.

जालना जिल्ह्यातलं वडीगोद्री डोळ्यासमोर ठेवू. अंबड तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव. २०२३ मध्ये जवळच्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी झालेलं उपोषण आणि जून २०२४ मध्ये वडीगोद्रीतच लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी ओबीसी आरक्षणासाठी केलेलं उपोषण, यामुळे ही दोन्ही नावं राज्यभर पोचली. अशा ठिकाणाहून बातमीचा व्हिडिओ टाकायचा तर तो लगेच कापून अपलोड करावा लागतो. लग्नसराईत तर तासन् तासांचं फुटेज समोर असतं. म्हणजे दुसरी स्क्रीन ही हौस नाही, कामाची गोष्ट आहे. पण पैसा मोजका असतो, म्हणून तो कुठे घालायचा हे महत्त्वाचं.

कर कोणाचा कमी झाला?

३२ इंचापर्यंतच्या मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आले ते ३२ इंचांपेक्षा मोठे स्क्रीन. म्हणजे २२, २४ किंवा २७ इंची मॉनिटर घेणार असाल, तर या निर्णयाने तुमचा एक रुपयाही वाचलेला नाही. दुकानदार 'जीएसटी कमी झाला' म्हणून ऑफर सांगत असेल, तर बिलावरचा जुना आणि नवा दर विचारा.

फायदा झाला तो ३४ इंची अल्ट्रावाइडचा. समजा एखाद्याची करासह किंमत ४०,००० रुपये होती. त्यातली मूळ किंमत ३१,२५०. आता १८ टक्क्यांनी ती ३६,८७५ होते, म्हणजे ३,१२५ रुपये वाचले. तेही कंपनीने मूळ किंमत वाढवली नसेल तर. आणि तुमचा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असेल, तर व्यवसायासाठीच्या खरेदीवरचा कर तसाही इनपुट क्रेडिटमधून वळता होतो. त्यामुळे खरा फरक नोंदणी नसलेल्या छोट्या एडिटरलाच पडतो.

एक मोठा की दोन छोटे?

दोन २४ इंची फुल एचडी मॉनिटर मिळून सुमारे ४१ लाख पिक्सेल देतात, ३४ इंची ३४४० बाय १४४० अल्ट्रावाइड सुमारे ४९ लाख. आकड्यात अल्ट्रावाइड पुढे. पण एडिटिंगमध्ये एका स्क्रीनवर टाइमलाइन आणि दुसऱ्यावर पूर्ण आकारात प्रीव्ह्यू, अशी सरळ वाटणी जास्त सोयीची पडते. दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही वर्कस्पेस मेनूत ड्युअल स्क्रीनचा पर्याय आहे. प्रीमिअर प्रोमध्ये पॅनेल ओढून दुसऱ्या स्क्रीनवर ठेवता येतं.

दुसरा मुद्दा विजेचा. २४ इंची मॉनिटर साधारण २५ वॉट खातो, अल्ट्रावाइड साधारण ५० वॉट. १५० एएचच्या एका बॅटरीत १,८०० वॉट-अवर असतात, नुकसान वजा जाता हाती साधारण १,१०० धरा. कॉम्प्युटर २५० वॉट घेत असेल, तर दोन मॉनिटर किंवा एक अल्ट्रावाइड, दोन्हीत लोड ३०० वॉट. म्हणजे साडेतीन तासांच्या आसपास काम चालेल. पण लाईट गेल्यावर दोनपैकी एक मॉनिटर बंद केला, की वीसेक मिनिटं जास्त मिळतात. अल्ट्रावाइड अर्धा बंद करता येत नाही. आणि दोनपैकी एक बिघडला तरी डिलिव्हरी अडत नाही.

घेण्याआधी हे तपासा

- लॅपटॉप असेल, तर त्याची स्वतःची स्क्रीन ही पहिली स्क्रीनच आहे. एचडीएमआयवर एकच मॉनिटर लावला की झाले दोन.
- स्वस्तातला एचडीएमआय स्प्लिटर घेऊ नका. तो दोन्हीकडे एकच चित्र दाखवतो, डेस्कटॉप वाढवत नाही.
- यूएसबी-सी पोर्ट दिसला म्हणजे त्यातून चित्र निघेलच असं नाही. लॅपटॉपच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' लिहिलंय का ते बघा.
- एम१ किंवा एम२ चिपचं मॅकबुक एअर थेट एकच बाहेरचा मॉनिटर चालवतं.
- डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डला नाही.
- दोन वेगळ्या कंपन्यांच्या मॉनिटरवर रंग वेगळे दिसणारच. रंगाचं काम एकाच, शक्यतो आयपीएस मॉनिटरवर करा.

मग पैसा आधी कुठे?

दुसऱ्या मॉनिटरने एक्स्पोर्ट फास्ट होत नाही. विंडो उघडझाक करण्यात जाणारा वेळ तेवढा वाचतो. मशीन ८ जीबी रॅमवर चालत असेल, तर मॉनिटर थांबू द्या. रिझॉल्व्हलाच किमान १६ जीबी लागते.

पण रॅमचं जुनं गणितही आता बिघडलंय. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या, कारण कंपन्या एआय डेटा सेंटरच्या मेमरीकडे वळल्या. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने 'क्रूशिअल' हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. 'थांबलं की स्वस्त होतं' हा कॉम्प्युटर बाजाराचा नियम सध्या रॅमला लागू होत नाही.

थोडक्यात, ८ जीबीवाल्याने आधी रॅम घ्यावी आणि तोवर प्रॉक्सी फाइल बनवून काम चालवावं. १६ जीबी असेल, तर २४ इंची आयपीएस मॉनिटर घ्यावा, त्यासाठी कोणत्याही कर कपातीची वाट बघायची गरज नाही. अल्ट्रावाइडचे वाचलेले तीन हजार बघून मोहात पडू नका. त्यासाठी आधी बाकीचे छत्तीस-सदतीस हजार खिशातून काढावे लागतात.