नाणेघाटातून चीनला गेलेलं पातं

शिवजयंतीच्या आसपास जुन्नर-आंबेगावात व्याख्यात्यांना ऊत येतो. त्यातल्या एका विद्वानांनी यंदा नवाच शोध लावला. चिनी सिनेमात दिसणारा ग्वानदाओ, म्हणजे लांब दांड्यावर बसवलेलं रुंद, बाकदार पातं, म्हणे मूळचा आपलाच! जुन्नरच्या लेण्यांतल्या भिक्खूंनी तो जवळच्या नाणेघाटाने नेला, बौद्ध भिक्खू बोधिधर्मांनी शाओलिन मठात शिकवला आणि चिन्यांनी लाटला. टाळ्या कडकडल्या.

नाणेघाट उतरलं की कल्याण-सोपारा लागतं, शाओलिन नव्हे. लेण्यांतले लेख तरी वाचायचे होते! पाण्याच्या पोढीचं, म्हणजे टाक्याचं, दान आहे, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवी आहेत, करंजाची झाडं लावायला एका शकाने दिलेलं 20 निवर्तनं जमिनीचं उत्पन्नही आहे. शस्त्रविद्या कुठल्या ओळीत आहे, ते दाखवा. बोधिधर्मांच्या नावावर शाओलिनची कसरत चढली ती सतराव्या शतकातल्या एका पुस्तकामुळे. तो विषय तिथेच मिटला.

खरी गंमत पुढे आहे. ज्या ग्वान यू सेनापतीच्या नावाने हे शस्त्र ओळखलं जातं, त्याच्या हातात ते असण्याचा पुरावा खुद्द चीनमध्येही नाही. तो मेला इ.स. 220 मध्ये. अशा पात्याचं चित्र सापडतं ते सोंग राजवटीतल्या ‘वूजिंग झोंगयाओ’ या युद्धग्रंथात, 1044 साली. पुढे चौदाव्या शतकातल्या ‘तीन राज्यां’च्या कादंबरीने त्याला 82 जिन (जिन हे चिनी वजनाचं माप) वजनाचं पातं बहाल केलं. देवळांतल्या मूर्तींच्या हाती ते आलं आणि कथेचा इतिहास झाला. छिंग काळात लष्करी परीक्षेला 80, 100, 120 जिनांची पाती पेलून दाखवावी लागत. ती ताकद जोखायला होती, लढाईला नव्हती. म्हणजे आमचे विद्वान शेजाऱ्याची बनावट वंशावळ पळवून तीत आपला आजोबा घुसवतात. चोरी करायची तर अस्सल माल तरी बघावा!

   

मग या शस्त्राचं मूळ कुठलं? दांडा आणि पातं जिथे आहे, तिथलं. आपल्याकडे मेंढरांना पाला पाडायला लांब काठीला पातं बांधतातच. युरोपात झाडं छाटायच्या कोयत्याला लांब दांडा लावून पायदळाने तो लढाईत नेला. त्यासाठी भिक्खूंना डोंगर ओलांडायला लावायची गरज नाही.

आणि मिरवायचंच असेल तर विटा आहे ना! भाल्याच्या मागच्या टोकाला दोरी, दोरीचा फास हातात. फेकायचा, हिसका देऊन परत ओढायचा. मर्दानी खेळात तो आजही फिरतो. त्यावर मात्र या विद्वानांचं एक व्याख्यान नाही.

घोडेगाव, मंचर, ओतूरकडच्या जुन्या वाड्यांत माळ्यावर असा विटा किंवा लांब दांड्याचं एखादं पातं गंजत पडलं असेल, तर भंगारात घालू नका. लांबी मोजा, फोटो काढा, कुणाकडून आलं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा.