वॅटांचा सोस

आमच्या लग्नमंडपांतून वाद्यवृंदाची योग्यता वॅटांवर मोजण्याची एक रीत पडली आहे. बँड ठरवायला आलेला वरपिता पहिला प्रश्न विचारतो तो असा: "किती हजार वॅट? अठरा इंची किती आणणार?" गायक कोण, गायिकेचा सूर कसा, वाद्यवृंद किती वर्षे एकत्र वाजवतो, वडीलधाऱ्यांसाठी वॉल्ट्झ येतो काय, हे प्रश्न मागे पडले. आणि गिऱ्हाईक जे विचारते त्याचीच तयारी वादक करतात, हे ओघानेच आले. चार-पाच तरुण एकत्र येतात, पतपेढीचे कर्ज काढतात, लॅमिंग्टन रोडवरून छातीइतक्या उंच पेट्या टेम्पोत घालून आणतात, आणि पहिल्याच लग्नात मागच्या रांगेतल्या आजीबाईंना नवरानवरीच्या नावापलीकडे एक शब्द कळत नाही. पुढे प्रायश्चित्तकाळ येतो. लग्ने थांबतात, हप्ता काही थांबत नाही.

या रीतीविरुद्ध हा लेख आहे. तो लिहिताना वादक बंधूंचा उपमर्द करण्याचा हेतू नाही. त्यांच्या कष्टाचे पैसे चुकीच्या वस्तूवर खर्च होत आहेत, एवढेच सांगायचे आहे. दोष त्यांच्याइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, त्यांना बोलावणाऱ्या आपल्या कुटुंबांचा आहे.

प्रथम वॅटांचा हिशेब पाहू, कारण दुकानात तो कोणी सांगत नाही. वॅट म्हणजे आवाज नव्हे. वॅट म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला पुरवतो ती वीज. ५०० वॅटांचे १,००० केले, म्हणजे जवळजवळ दुप्पट पैसे मोजले, तर आवाज वाढतो तो ३ डेसिबलने. आणि ३ डेसिबल म्हणजे 'जरासा मोठा झाला वाटते' एवढाच फरक. आवाज कानाला दुप्पट वाटावा, तर साधारण १० डेसिबल वाढावे लागतात आणि त्यासाठी शक्ती दहापट लागते. ५०० चे ५,०००! उलट, एक वॅट दिला असता एक मीटरवर कोणती पेटी किती आवाज देते हा आकडा तिच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. तो कोणी वाचत नाही. एका पेटीचा हा आकडा ९४ डेसिबल आणि दुसरीचा १०० असेल, तर पहिली १,००० वॅट खाऊन जे काम करील, ते दुसरी २५० वॅटांत करते. शिवाय पेटीवर ठसठशीत अक्षरांत रंगवलेला आकडा बहुधा 'पीक'चा, म्हणजे क्षणभर सोसता येणाऱ्या शक्तीचा असतो. तासन् तास चालणारी शक्ती पुष्कळदा त्याच्या चौथा हिस्सा असते. ज्या गिऱ्हाइकाने 'दोन हजारांची' पेटी घेतली, त्याने प्रत्यक्षात पाचशेची घेतलेली असते. सोनाराच्या दुकानात आपण असे कधी चालवून घेऊ काय?

आता बेस गिटारकडे वळू, कारण सगळे रामायण तिच्यापायी घडते. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. या स्वराची एक लाट २७ फूट लांब असते. एवढी लांब लाट मंडपाच्या कापडाने अडत नाही, आणि विटांच्या साध्या भिंतीलाही फारशी जुमानत नाही. बारीक आवाज माणसांच्या अंगावर, साड्यांवर, झाडांच्या पानांवर जिरून जातो. जाड आवाज तसाच पुढे चालू लागतो. म्हणून शेजारच्या आळीत गाणे पोहोचत नाही, नुसते धडधडणे पोहोचते. ज्या घरात कोणी आजारी आहे त्या घराच्या खिडकीची तावदाने लग्न लागलेल्या घराच्या तावदानांइतकीच थरथरतात.

यात आणखी एक गोम आहे. कायद्यात सांगितलेला डेसिबल 'ए' प्रकारचा असतो आणि त्या मोजणीत ४० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी धरला जातो. त्यामुळे मीटरवरचा आकडा साळसूद दिसतो आणि शेजाऱ्याचा पलंग हलत असतो. "आम्ही मर्यादेत आहोत," असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बरे, एवढे करून बेस गिटार ऐकू येते काय? येत नाही. जाणवते फक्त. माणसाचा कान खर्जाच्या बाबतीत मंद आहे, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रयोगांनी मांडले. पण त्याच कानाला एक देणगीही आहे: मूळ स्वर क्षीण असला किंवा मुळीच नसला तरी त्याच्या वरच्या उपस्वरांवरून तो मूळ स्वर ओळखतो. तळहातावर मावणाऱ्या रेडिओतून आपल्याला बेसची चाल कळते ती यामुळेच. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या १९६० च्या दशकातील असंख्य गाण्यांत जेम्स जेमरसन याने बेस गिटार वाजवली. त्याची फेंडर प्रिसिजन गिटार स्टुडिओत पुष्कळदा सरळ मिक्सरला जोडलेली असे; पुढे पेट्यांची रास नव्हती. ती गाणी लोकांनी मोटारीतल्या लहानशा स्पीकरवर ऐकली आणि त्यातील बेसची प्रत्येक वळणवाट त्यांना कळली. आमचा बेसवादक मात्र मिक्सरवरची ६० हर्ट्झची कळ पूर्ण वर चढवतो आणि २०० ते ८०० हर्ट्झचा, म्हणजे जिथे बोटांचा नखरा आणि स्वराचा चेहरा ऐकू येतो तो भाग, खाली पाडतो. मग स्वर बुडतो, नुसता भूकंप उरतो, आणि तो ऐकू येत नाही म्हणून तो आणखी मोठी पेटी मागतो!

मोठ्या पेटीचा हा मोह आला कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. १९६९ मध्ये अँपेग कंपनीने रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यासाठी ३०० वॅटांचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणला. त्याला आठ-आठ दहा इंची स्पीकरांच्या पेट्या जोडत. त्या काळी ते योग्यच होते, कारण हजारो श्रोत्यांपर्यंत बेस पोहोचवण्याची जबाबदारी मंचावरच्या त्या पेटीवरच असे. आज ती जबाबदारी सभागृहाच्या मुख्य स्पीकरांवर आहे. मंचावरचा बेस अ‍ॅम्प्लिफायर हा फक्त वादकाने स्वतःला आणि ड्रमवाल्याने त्याला ऐकावे म्हणून असतो. तरीही आमच्या मंचावर १९६९ चीच पेटी हवी असते. छायाचित्रात ती उठून दिसते ना!

आवाजाच्या भिंती उभारणाऱ्यांचा अनुभवही बोलका आहे. अमेरिकेतील ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाने १९७४ मध्ये सुमारे सहाशे स्पीकरांची एक भिंतच बांधली. ध्वनी म्हणून ती नामी होती असे जाणकार आजही म्हणतात. बेस गिटारच्या एकेका तारेला स्वतंत्र स्पीकर देण्याची सोय तीत होती. पण ती वाहून नेण्याचा, उभारण्याचा खर्च एवढा की, त्याच वर्षी तिला रजा द्यावी लागली. ज्यांच्या मागे हजारो तिकिटांचे उत्पन्न होते, त्यांची ही कथा. आमच्या पोरांच्या मागे आहे मे महिना आणि नाताळनंतरचे काही आठवडे.

तर मग घ्यावे काय? मला विचाराल तर पहिला पैसा केबलवर आणि डीआय बॉक्सवर खर्च करावा. गिटारची साधी तार पंधरा-वीस फुटांपलीकडे नेली की तिचा वरचा स्वर मरतो आणि ती घरघर गोळा करते. डीआय बॉक्स तोच संकेत समतोल करून मिक्सरपर्यंत शंभर मीटरही स्वच्छ नेतो. तळहाताएवढी ही पेटी अठरा इंची स्पीकरच्या किमतीच्या एका लहान अंशात मिळते. दुसरा पैसा गाणाऱ्याच्या मायक्रोफोनवर आणि त्याच्यासमोरच्या मॉनिटरवर. स्वतःला ऐकू न येणारी गायिका ओरडते, आणि ओरडणारी गायिका बेसूर होते. बेससाठी एक बारा किंवा पंधरा इंची स्पीकरचा, अथवा दोन दहा इंचींचा, ३०० ते ५०० वॅटांचा अ‍ॅम्प्लिफायर भरपूर झाला. आता डी-वर्गाचे अ‍ॅम्प्लिफायर दोन-तीन किलोंत एवढी शक्ती देतात आणि निओडिमियम चुंबकाचे स्पीकर एका हाताने उचलता येतात. पाठ मोडून घेण्याचे कारण उरलेले नाही. तो जमिनीवर न ठेवता खुर्चीच्या उंचीवर, वादकाच्या कानाकडे तोंड करून ठेवावा. निम्मे भांडण तिथेच मिटते. मुख्य स्पीकर दोन, उंच स्टँडवर, श्रोत्यांच्या डोक्यांवरून जातील असे. मिक्सरवर बेस आणि खर्जातला ढोल सोडून बाकी प्रत्येक मायक्रोफोनची खालची बाजू कापणारी कळ दाबलेली असावी. ही कळ फुकट असते, म्हणूनच कदाचित तिला मान नाही.

ओहमचे गणितही तोंडपाठ असू द्या. आठ ओहमच्या दोन पेट्या जोडल्या की चार ओहम होतात; हौसेने तिसरी जोडली की पावणेतीनच्या खाली, आणि चार ओहमपर्यंतच सोसणारा अ‍ॅम्प्लिफायर ऐन वरातीत धूर सोडतो.

या सगळ्याहून गंभीर गोष्ट विजेची. मंडपातली जोडणी कुठून तरी आकडा टाकून, अर्थिंगशिवाय केलेली असते. घरघर येते म्हणून प्लगची तिसरी पिन कापून टाकणारे महाभागही आहेत. गिटारच्या तारांवर हात आणि ओठ मायक्रोफोनला, अशा अवस्थेत दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर वीज माणसातून जाते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे हा ३ मे १९७२ रोजी स्वान्सी येथे मंचावरच असा गेला. हातात गिटार होती आणि त्याने मायक्रोफोनला स्पर्श केला. आमच्या किती वाद्यवृंदांकडे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला स्वतःचा बोर्ड आहे? एका अठरा इंची पेटीच्या पैशात असे अनेक बोर्ड होतील.

"हे सगळे ठीक," असे तरुण वादक म्हणतील, "पण डीजेशी स्पर्धा आहे. पोरांना छातीत ठोका हवा असतो." यातले अर्धे मला मान्य आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने पडतो, मागे भिंत नसते, आणि चारशे-पाचशे पाहुणे नाचायचे असतील तर एखादा सब-वूफर लागतोच. तो भाड्याने आणावा. वर्षातून पंचवीस दिवस लागणारी वस्तू तीनशे चाळीस दिवस घरात ठेवून तिचे व्याज भरणे हा कुठला व्यवहार? आणि डीजेशी स्पर्धा म्हणाल, तर गोंगाटात डीजेला हरवणे तुम्हांला कधीही जमणार नाही. डीजेला दमलेल्या आजोबांकडे पाहून चाल संथ करता येत नाही. नवरीच्या मावशीने मागितलेले जुने गाणे तिच्याच पट्टीत गाता येत नाही. ते तुम्हांला येते. तेच तुमचे भांडवल, आणि तेच तुम्ही खर्जाखाली गाडून टाकता.

कायद्याचे एकच सांगतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातून १५ दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंतची सूट सरकार देऊ शकते, पण ती सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी आहे. आम्ही ख्रिस्ती माणसे दुसऱ्यांच्या भोंग्यांविषयी पुष्कळ बोलतो. ३० ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतरांची शांती बिघडवून, ध्वनिवर्धक लावून वा ढोल बडवून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा जो निकाल दिला, तो चेन्नईतील एका ख्रिस्ती प्रार्थनागृहाविरुद्ध दिला होता, आणि त्या निकालपत्रात ड्रमसेट व गिटार यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

आणि कान? १०० डेसिबलचा आवाज पंधरा मिनिटे ऐकला की दिवसाचा कोटा संपतो, असा अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब आहे. आमचे वादक त्यात चार-चार तास उभे असतात, आणि स्पीकरच्या पुढ्यातल्या खुर्चीवर कोणाचे तरी तान्हे मूल झोपवलेले असते.

पुढच्या लग्नसराईसाठी ज्यांना सामान घ्यायचे आहे, त्यांनी दुकानात जाताना बेसवादकाला घरी ठेवून गायिकेला बरोबर न्यावे. तिला गायला लावावे, स्वतः दुकानाच्या दारापर्यंत चालत जावे, आणि तिचे शब्द तिथे कळतात की नाही ते पाहून मगच खिशात हात घालावा. आणि वरपित्यांनी बँड ठरवताना विचारावे, की बोर्डाला अर्थिंग आहे ना, आणि दहा वाजता तुम्ही बंद करता ना.